सायलेन्सर, कार्बोरेटर आणि आपली मुले

(संस्थेच्या उरण येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला भाषणासाठी विचारले तेव्हा मी त्यांना म्हटले, या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले, प्राध्यापक बोलले. मी गॅरेजवाला माणूस. नखांतले ग्रीस अजून पुरते निघालेले नाही. मी काय बोलणार? ते म्हणाले, "तुम्हाला जे येते त्यावरच बोला, आम्हाला दुसरे काही नको." म्हणून आज मी मला येते तेवढेच बोलणार आहे.

विषय साधा आहे. मोटारसायकलला बाजारचा सायलेन्सर बसविल्यानंतर कार्बोरेटरचे काय करावयाचे? हसू नका. या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी किती इंजिने बसली आणि किती घरांत बाप-लेकांचा अबोला झाला, हे गॅरेजच्या बाकड्यावर चार दिवस बसल्याखेरीज कळावयाचे नाही.

मुळात उरणात सायलेन्सर इतके बदलावे का लागतात, हे आधी पाहू. आपले गाव तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेले. मोऱ्याचा वारा, करंज्याचा वारा, मधली मिठागरे. बाहेरून लोखंडाला खारी हवा खाते, हे सर्वांना दिसते. पण सायलेन्सर आतूनही कुजतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाणीही तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते. गाडी लांब पल्ल्याची असेल तर सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते. पण आपली धाव किती? घरापासून बाजारपेठ, बाजारपेठेपासून मोरा बंदर, फार तर बंदराच्या यार्डापर्यंत. सायलेन्सर तापण्याआधीच गाडी उभी राहते, वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. मग एके दिवशी हात लावावा तर पापुद्रा हातात येतो. कंपनीचा नवा सायलेन्सर महाग पडतो, म्हणून बाजारचा बसवतात. कष्टाने पैसा मिळविणाऱ्या माणसाचा हा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही.

दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक आवाजासाठी सायलेन्सर बदलते. ते बहुधा अठरा-वीस वर्षांचे असते. त्याच्याबद्दल पुढे बोलेन, कारण त्यातील काहीजण आज मागच्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत.

आता कार्बोरेटर. जुन्या मंडळींना डास मारण्याची फ्लिटची पिचकारी आठवत असेल. दांडा दाबला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाई आणि डब्यातील औषध आपोआप वर ओढले जाऊन फवारा होई. औषधाला कोणी हात लावीत नसे, हवाच त्याला वर खेचीत असे. कार्बोरेटर म्हणजे हेच. पिस्टन खाली जातो, हवा आत ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते. वेग वाढला की तेथील दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते. गळा अरुंद केला की दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या शास्त्रज्ञाने १७९७ साली मांडले. विज्ञानाच्या पुस्तकात जे असते ते हेच, फक्त तेथे त्याला पेट्रोलचा वास येत नाही.

एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलला हिशेबाने नऊ हजार लिटरच्या आसपास हवा होते. शंभर सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन सहा हजार फेऱ्यांवर फिरत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा श्वास घेते. दर श्वासाला हे प्रमाण सांभाळण्याचे काम ते मुठीएवढे पितळ-अॅल्युमिनियमचे यंत्र, विजेशिवाय, संगणकाशिवाय करीत असते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर मेकॅनिक मिश्रण 'लीन' झाले म्हणतात, जास्त गेले तर 'रिच'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कोणी विचारील, सायलेन्सर तर धूर बाहेर टाकणारी नळी. तिचा आत येणाऱ्या हवेशी काय संबंध? संबंध असा. फोर-स्ट्रोक इंजिनात धूर जाण्याचा व्हॉल्व्ह बंद होण्यापूर्वीच हवा येण्याचा व्हॉल्व्ह उघडू लागतो. क्षणभर दोन्ही दरवाजे एकदम उघडे असतात. मागचा धूर सहज निघाला तर तो जाता जाता पुढची हवा ओढून घेतो, अडला तर थोडा आतच राहतो आणि नव्या हवेची जागा खातो. शिवाय धूर सलग वाहत नाही, धक्क्या-धक्क्याने जातो. त्या धक्क्यांच्या लाटा नळीच्या टोकावरून परत फिरतात. नळीची लांबी आणि आतील पडदे बदलले की लाटा परत येण्याची वेळ बदलते. म्हणजे मागचा दरवाजा बदलला की पुढच्या दरवाजातून येणाऱ्या हवेचे मान बदलते, पण जेटचे छिद्र मात्र जुन्याच हिशेबाचे राहते.

आमच्या धंद्यात "इंजिनला बॅकप्रेशर पाहिजेच" असे एक वाक्य फिरत असते. ते ऐकून ऐकून लोकांना खरे वाटू लागले आहे. धुराला अडथळा करून कोणत्याही इंजिनाचे भले होत नाही. खरे एवढेच की कंपनीने त्या सायलेन्सरच्या प्रवाहाला आणि लाटांना धरून जेट, सुई आणि व्हॉल्व्हची वेळ बसविलेली असते. जोडी मोडली की इंजिन कुरकुर करते.

आणि दुसरे एक सत्य, जे आमचे काही धंदेबंधू सांगत नाहीत. आतील पडदे शाबूत असलेला, कंपनीच्या नमुन्याबरहुकूम केलेला सायलेन्सर बसविला तर बहुतेक वेळा जेट बदलावाच लागत नाही. हवा वाढली की गळ्यातील ओढही वाढते आणि पेट्रोलही काही प्रमाणात आपोआप वाढते. फरक राहतो तो थोडा. पण कंपन्यांनी प्रदूषणाच्या नियमांमुळे गाड्या आधीच लीनकडे झुकवून ठेवलेल्या असतात, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२५ मध्ये देशात वीस टक्के मिसळण्यापर्यंत मजल गेली. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपासच हवा लागते. जुन्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो जुन्याच मापाने देत राहतो, म्हणजे मिश्रण आणखी लीन. अशा गाडीला मोकळा सायलेन्सर लावला की काठावर उभ्या असलेल्याला धक्का दिल्यासारखे होते.

लीन चालले तर काय बिघडते, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८१ साली माझ्या मामूंची राजदूत होती. मी तेव्हा अठरा वर्षांचा. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधील नळी काजळी साफ करण्यासाठी बाहेर काढता येत असे. मी ती काढली आणि परत बसविलीच नाही. गाडीचा आवाज असा झाला की सारा मोहल्ला खिडकीत आला. मला वाटले, राजदूत नव्हे, विमान झाले. मामूंना न विचारता पनवेलला निघालो. जासईच्या पुढे मूठ पिळलेली, आणि एकाएकी मागचे चाक जागच्या जागी आवळले. पडलो. गुडघा फुटला, तो आजही पावसाळ्यात बोलतो. इंजिन खोलले तेव्हा पिस्टनवर नखाने ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. त्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असे. पेट्रोल कमी गेले म्हणजे तेलही कमी गेले, उष्णता वाढली आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसला. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दोष एकट्या सायलेन्सरचा नव्हता. त्या दिवशी तेलही मी मापाने न घालता नजरेने ओतले होते. दोन्हीकडे अंदाजपंचे कारभार.

मामू ओरडले नाहीत. दुरुस्तीचा खर्च माझ्याकडून दर महिन्याला थोडा थोडा वसूल केला, एवढेच. ते मला ओरडण्यापेक्षा जड गेले.

आता कामाचे बोलू. सायलेन्सर बदलला आणि गाडी बिघडली, तर पहिली गोष्ट अशी की कार्बोरेटरला हात लावू नका. हे ऐकून आश्चर्य वाटेल, म्हणून एक घडलेली हकिगत सांगतो.

बंदराच्या यार्डात पाळीला जाणारे एक गृहस्थ. शंभर सीसीची जुनी गाडी. सायलेन्सर कुजला म्हणून बाजारचा बसविला. दुसऱ्या दिवसापासून मूठ सोडली की मागून फटाके वाजू लागले. त्यांचा मुलगा, दहावीत गणितात राहिलेला, एका ठिकाणी काम शिकत होता. तेथील कोणी सांगितले, "पेट्रोल कमी जाते आहे, जेट मोठा कर." त्यांनी मेन जेटच्या छिद्रात तार घालून ते रुंद केले. फटाके काही थांबले नाहीत, काळा धूर मात्र सुरू झाला. पूर्वी लिटरला साठ देणारी गाडी पंचेचाळीसवर आली. वडील मुलाला सर्वांदेखत बोलले, आणि मुलगा काम सोडतो म्हणू लागला. अशा वेळी दोघे माझ्याकडे आले.

मी मुलाच्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली दिली आणि म्हटले, इंजिन चालू कर, बेंड पाइप जेथे इंजिनाला मिळतो तेथे फवार. फेसाचे बुडबुडे आले. सायलेन्सर बदलताना जुनी, दबलेली पॅकिंगच परत बसविली होती. सांध्यातून हवा आत शिरत होती आणि न जळलेले पेट्रोल बेंडमध्ये पेट घेत होते. तेच फटाके. दहा-वीस रुपयांच्या पॅकिंगचे काम, आणि त्यासाठी चांगल्या जेटचा जीव घेतला गेला होता. नवी पॅकिंग, मूळ मापाचा नवा जेट, सगळे मी त्या मुलाकडूनच करून घेतले.

तेव्हा क्रम असा ठेवा. बेंडची पॅकिंग नवी. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबर वाकवून पाहा, चीर असेल तर बदला. एअर फिल्टर साफ, कारण यार्डाच्या रस्त्यावर ट्रेलरच्या धुळीने तो महिन्याभरात भरतो. टॅपेट मापाने, प्लगचा गॅप मापाने. एवढे झाल्यावर गाडी दहा मिनिटे चालवून गरम करा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचला.

कार्बोरेटरमध्ये एकच माणूस काम करीत नाही, पाळ्या लागलेल्या असतात. मूठ बंद असताना आणि पहिल्या पाव भागापर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचे राज्य. पावापासून पाऊणपर्यंत सुईचे. त्यापुढे पूर्ण मूठ पिळली की मेन जेटचे. म्हणून तक्रार विचारताना "गाडी ओढत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. मुठीच्या कोणत्या जागी ओढत नाही, ते विचारा. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. गल्लीतून निघताना अडखळते तर मेन जेट बदलून काय होणार? पहिली पाळी झोपलेली आणि आपण तिसऱ्या पाळीच्या माणसाला बोलणी देतो.

मिक्श्चर स्क्रूचा एक घोटाळा मात्र नीट समजून घ्या, येथे मोठमोठे चुकतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. तो आत फिरविला की हवा कमी, म्हणजे रिच. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. तो आत फिरविला की पेट्रोल कमी, म्हणजे लीन. एकाच हाताची एकच हालचाल, परिणाम उलटा. म्हणून आधी स्क्रू कोठे आहे ते पाहा. मग हलक्या हाताने पूर्ण आत घेत किती फेरे बसले ते मोजा आणि लिहा. जोर लावू नका, टोक चेपले की बैठक गेली. मोजल्यावर तेवढेच फेरे परत बाहेर घ्या. तेथून एका वेळी अष्टमांश फेरा फिरवा, दर वेळी थोडे थांबा. आयडलिंग जेथे सर्वांत वर चढते आणि स्थिर राहते ती जागा. मग आयडलिंगचा स्क्रू कमी करून पुन्हा एकदा तपासा.

मधल्या मुठीत धाप लागत असेल तर सुई पाहा. सुईला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकविली की सुई वर उठते, पेट्रोल वाढते. एकदम दोन खाचा नकोत. काही गाड्यांच्या सुईला खाचाच नसतात, तेथे कारागिरी दाखवू नये. मेन जेट बदलावयाचाच झाला तर एक नंबर वर घ्या, आणि त्याच कंपनीच्या कार्बोरेटरचा घ्या. मिकुनीचा शंभर आणि केहिनचा शंभर सारखे नसतात, दोघांची नंबर देण्याची रीत निराळी आहे. आणि तार, टाचणी, सुई यांपैकी काहीही जेटच्या छिद्रात घालू नका. छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेले असते. तुमची तार कोणत्या मापाची आहे?

बदल केला तो बरोबर की चूक, हे प्लग सांगतो. नवा प्लग लावून गाडी पूर्ण मुठीवर काही अंतर चालवावी, क्लच दाबून तेथेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. चिनी मातीचा भाग फिक्या तपकिरी रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर लीन, कोरड्या काजळीने काळा असेल तर रिच, ओलसर तेलकट असेल तर रोग दुसरा आहे. एक सांगतो. २००० सालापासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून प्लगचा रंग पूर्वीसारखा झटकन उमटत नाही. चिनी मातीच्या मुळाशी, आत, बारकाईने पाहावे लागते. आणि ही परीक्षा पनवेलच्या रस्त्यावर घेऊ नका. तेथे कंटेनरचे ट्रेलर चालतात, त्यांना तुमचा प्लग कोणत्या रंगाचा झाला याच्याशी देणेघेणे नाही. या रस्त्यावरून आपण मुलांचे जनाजे आणलेले आहेत. मोकळे मैदान आणि मोकळी वेळ नसेल तर ही परीक्षा राहू द्या, रोजच्या चालीचा प्लग आठवड्याने पाहा.

पीयूसीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नका. ती तपासणी गाडी उभी ठेवून होते, म्हणजे पहिल्याच पाळीची होते. मेन जेट लीन असेल तर तेथे कळत नाही. पण त्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसतो, तो मिक्श्चर स्क्रू लावण्यास फार उपयोगी. ओळखीच्या पीयूसीवाल्याला चहा पाजून मी तो आकडा बघत स्क्रू लावतो. यात मला कमीपणा वाटत नाही.

त्या मुलाची हकिगत अर्धी राहिली. मी त्याला एक वही दिली. तारीख, गाडी, स्क्रूचे फेरे, सुईची खाच, जेटचा नंबर, प्लगचा रंग, आणि टाकी काठोकाठ भरून पुन्हा भरेपर्यंतचे किलोमीटर. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहिल्याखेरीज दुसरा नाही. तो उर्दू माध्यमाचा. वही उर्दूत लिहू लागला, आकडे इंग्रजीत. माझी हरकत नव्हती. दोन आठवड्यांनी त्याने वडिलांसमोर हिशेब मांडला, लिटरला अठ्ठावन्न. वडिलांनी वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "दशांश चिन्ह तुला कधीपासून कळू लागले?" मुलगा काही बोलला नाही. त्याने गणिताचा फॉर्म पुन्हा भरला. पास झाला की नाही ते विचारू नका, पहिल्या खेपेस झाला नाही.

वहीचा आग्रह माझ्या मनचा नाही. अल-जझरी नावाचे एक मोठे कारागीर दियारबकिरच्या दरबारी होते. त्यांनी १२०६ साली यंत्रांवर एक ग्रंथ पुरा केला. त्यात दोन पिस्टनचा पाणी ओढणारा पंप आहे, शोषनळीसकट. फिरणाऱ्या चाकाची गती पिस्टनच्या पुढेमागे होण्यात बदलण्याची युक्ती त्यात आहे. तुमच्या मोटारसायकलमध्ये हीच युक्ती उलट्या दिशेने चालते. मला त्यांच्या पंपापेक्षा त्यांच्या लिहिण्याचे कौतुक वाटते. प्रत्येक भाग कसा करावयाचा, केवढ्या मापाचा, हे त्यांनी आकृत्यांसह लिहून ठेवले. १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्या वर्णनावरून त्यांचे पाणघड्याळ पुन्हा उभे करता आले. आपल्याकडे उस्ताद वारला की त्याचे हुनर कबरीत जाते, कारण त्याने लिहिलेले नसते, आणि शागिर्दाला लिहिता येत नसते.

आता मागच्या रांगेकडे वळतो. तुम्हाला आवाज पाहिजे. मलाही पाहिजे होता, गुडघा दाखवू का? पण आज कायदा असा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाही. आवाजाच्या आणि धुराच्या नियमांचा भंग केला तर १९० व्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बंद होऊ शकते. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरविला, ती चित्रे तुम्ही पाहिली असतील. दंड बापाच्या खिशातून जातो. आणि पडदे काढलेल्या सायलेन्सरने ताकद वाढते हाही बहुधा कानाचा भ्रम असतो. खालच्या फेऱ्यांवर, जेथे उरणच्या बाजारात गाडी रोज चालते, तेथे ओढ उलट कमी होते. रात्री अकराला तुमची गाडी गल्लीतून जाते तेव्हा कोणाच्या घरी आजारी माणूस असतो, कोणाची परीक्षा असते. माझ्या गॅरेजमध्ये असा सायलेन्सर बसवून मिळत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके गेली. जाऊ द्यात.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्या जागी इंजेक्शन आले. आता बेंड पाइपमध्ये प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो, तो संगणकाला कळवितो, संगणक पेट्रोल ठरवितो. तेथे सायलेन्सर बदलताना सेन्सरची वायर तुटली की मीटरवर दिवा लागतो, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरणारा मेकॅनिक नुसता बघत राहतो. मूळ तत्त्व तेच आहे, हवा किती आणि पेट्रोल किती. पण ते वाचावयास मल्टिमीटर लागतो, व्होल्ट-ओहम कळावे लागतात, आणि दुरुस्तीचे पुस्तक इंग्रजीत असते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या अजून काही वर्षे रस्त्यावर राहतील, त्यांच्यावर आमची पिढी जगेल. मुलांची पिढी जगणार नाही.

म्हणून मुलगा अभ्यासात मागे पडला की "घाला गॅरेजात" असे जे आपल्याकडे म्हणतात, त्याला माझा विरोध आहे. गॅरेज म्हणजे नापास मुलांचे गोदाम नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी पास लागते. तेवढी दहावी त्याला करू द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी दोन गोष्टी विचारतो, अपूर्णांक येतात का आणि इंग्रजी अक्षरे लावून वाचता येतात का. पाना धरावयास मी आठ दिवसांत शिकवितो, अपूर्णांक शिकवावयास मला वर्ष लागते, आणि ते काम माझे नाही, या शाळेचे आहे. मुलींच्या पालकांनाही सांगतो, की प्लगचा रंग ओळखावयास किंवा मल्टिमीटर धरावयास मनगटाचा जोर लागत नाही. एक मुलगी गेल्या सुट्टीत वडिलांच्या स्कूटरचा कार्बोरेटर घेऊन आली होती. तिने तो वाटीत खोलला, प्रत्येक भाग कागदावर काढून त्याला नंबर दिले आणि परत जोडला. एकही स्क्रू उरला नाही. माझ्या हाताखालच्या मुलांकडून तेवढे होत नाही.

मी व्याख्याता नाही, वेळ फार घेतला. मागच्या टेबलावर मी तीन कार्बोरेटर खोलून ठेवले आहेत. एकाचा स्क्रू हवेच्या बाजूला आहे, दुसऱ्याचा पेट्रोलच्या बाजूला, आणि तिसऱ्यात तारेने रुंद केलेला तो जेट आहे. शेजारी त्याच मापाचा चांगला जेट ठेवला आहे. दोन्ही उजेडाकडे धरून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो का ते मला येऊन सांगा. दहा-दहा जणांनी यावे, ढकलाढकली करू नये. येताना पेन्सिल आणि कागद आणावा, आणि स्क्रू आत घेताना फेरे मोठ्याने मोजावेत. जोर लावू नये, ते कार्बोरेटर मला परत न्यावयाचे आहेत. खुदा हाफिज.